पत्र्याच्या पेटीतली १९४४ ची कागदपत्रं आणि कॅसेटमधला आवाज: जपायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून इस्रायलमधल्या अश्दोदला गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबातली मुलगी हंगेरीहून आलेल्या ज्यू घरात सून म्हणून गेली. सासरे वारल्यावर माळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी सापडली. पेटीत सुतळीनं बांधलेली पत्रं, रेड क्रॉसचे दोन फॉर्म, बुडापेस्टमधला एक स्वीडिश शुत्झपास (संरक्षणपत्र), चाळीसेक फोटो, सासऱ्यांनी १९८७ साली आपली हकीकत सांगितलेल्या दोन ऑडिओ कॅसेट आणि एक व्हिडिओ-८ टेप आहे. सासूबाई लहानपणी बुडापेस्टच्या गेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, होत्या, त्यांचं वय आता ८७ आहे. कागद लॅमिनेट करावेत का, कॅसेट दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर घ्याव्यात का, मूळ वस्तू कुणाला द्याव्यात आणि सुरुवात कुठून करावी?

लॅमिनेशन अजिबात नको. सुतळी आज सोडू नका. कॅसेट वाजते का हे बघायला घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आणि सुरुवात पेटीपासून नको, सासूबाईंपासून करा. पेटी अजून सहा महिने थांबू शकते. त्यांच्यानंतर कॅसेटचा नंबर, कारण त्या वाजवणारी चांगली यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. कागद शेवटी. मुलाखतीबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण पेटी नीट उघडली तर मुलाखतही चांगली होईल.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसू द्या. कागद सावकाश मरतो, संबंध मात्र एका दुपारीत मरतो. कुठलं पत्र कुठल्या पाकिटात होतं, कुठला फोटो कुठल्या पत्राच्या घडीत ठेवला होता, टाचणीनं काय कशाला जोडलं होतं, हे एकदा विसरलं की जगातला कुठलाही संवर्धक ते परत आणू शकत नाही. ‘पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे’ असं आवरून ठेवायची इच्छा होणं साहजिक आहे, पण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. जर्मनीतल्या बाड आरोल्सनच्या संग्रहाचं उदाहरण घ्या. युद्धानंतर हरवलेल्या माणसांचा शोध लावण्यासाठी तिथं छळछावण्यांचे लाखो कागद एकत्र आले. शोधाला सोयीचे व्हावेत म्हणून ते नावांनुसार आणि विषयांनुसार लावले गेले. त्या कामासाठी ते योग्यच होतं, सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांबद्दलची माहिती त्यातून हाताशी आली. पण अनेक ठिकाणी एखादा कागद मुळात कुठल्या कचेरीच्या कुठल्या फायलीतला, हे कळेनासं झालं आणि आता अभिलेखपालांना ते धागे उलटे जुळवावे लागतात.

याच्या उलट पोलंडमधल्या वॉर्सा गेटोत इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या ‘ओनेग शबात’ गटानं केलं. रेशनच्या चिठ्ठ्या, भित्तिपत्रकं, शाळकरी मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, सगळं त्यांनी संदर्भासकट गोळा केलं आणि पुरलं. पहिला भाग ऑगस्ट १९४२ मध्ये पत्र्याच्या दहा डब्यांत पुरला आणि सप्टेंबर १९४६ मध्ये निघाला. डबे नीट सांधलेले नव्हते, आत पाणी शिरलं होतं, शाई धुपली होती, कागदांना बुरशी लागली होती. दुसरा भाग १९४३ च्या सुरुवातीला दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरला, तो डिसेंबर १९५० मध्ये बऱ्याच चांगल्या अवस्थेत मिळाला, कारण कॅनची झाकणं घट्ट होती. तिसरा भाग आजवर सापडलेला नाही. भिजलेल्या पहिल्या भागाचाही आज अभ्यास होतो तो त्या मंडळींनी ठेवलेल्या नोंदींमुळे आणि त्यांच्यातले जे मोजके वाचले त्यांना कुठे काय आहे हे ठाऊक होतं म्हणून.

आता पेटीची पहिली दुपार. पंखा बंद करा, टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा, जवळपास चहा-पाणी नको. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. कागदाला हातमोजे लागत नाहीत, उलट कापडी मोज्यांत बोटांची जाणीव जाते आणि कडा फाटतात. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घाला. झाकण उघडल्याबरोबर वरून एक फोटो काढा. मग एकेक थर उचलण्याआधी एकेक फोटो. प्रत्येक गठ्ठ्याला, प्रत्येक पाकिटाला, प्रत्येक कागदाला क्रमांक द्या, उदाहरणार्थ १/३/७, म्हणजे पेटी १, गठ्ठा ३, कागद ७. क्रमांक लिहायचा तो २बी पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक आणि न दाबता. बॉलपेन, स्टिकर, चिकट चिठ्ठ्या काही नको. चिकट चिठ्ठी काढली तरी तिचा गोंद मागे राहतो. वहीत क्रमांकासमोर लिहा: काय आहे, कुठल्या भाषेत, तारीख, कशाबरोबर सापडलं. पाकीट रिकामं असलं तरी त्याला वेगळा क्रमांक द्या. टपालाचा शिक्का, सेन्सॉरची पट्टी आणि पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा पाकिटावरच असतो.

युद्धकाळातला कागद हा हलका, लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. पण त्याहून मोठा धोका लिखाणाला आहे. त्या काळी पत्रं, छावणीतली कार्डं, सरकारी नोंदी सर्रास कॉपिंग पेन्सिलीनं लिहिल्या जात. ही पेन्सिल कोरडी असताना साध्या शिशासारखी करडी दिसते, पण तिच्यात अॅनिलिन रंग असतो. ओल लागली की अक्षर जांभळं होऊन पसरतं. म्हणून घड्या उलगडण्यासाठी वाफ देणं, ओलसर टिपकागद ठेवणं, इस्त्री फिरवणं हे प्रयोग करू नका. पत्र उलगडत नसेल तर घडीतच राहू द्या. मोठ्या संग्रहांत असे कागद पाण्यातून काढून आम्लमुक्त करण्याआधी प्रत्येक शाई आणि प्रत्येक शिक्का तपासतात आणि रंग बांधून ठेवणारी रसायनं आधी वापरतात. ते प्रयोगशाळेचं काम आहे.

कार्बन कॉपीची गोष्ट उलटी. कार्बन फिका पडत नाही, पण घासला की निघतो. पातळ, खुळखुळ वाजणाऱ्या कागदावरच्या अशा प्रती प्लास्टिकच्या पाकिटात सरकवू नका. प्रत्येक दोन प्रतींमध्ये आम्लमुक्त कागद ठेवा.

लॅमिनेशनला इतका ठाम नकार का? आपल्याकडे रेशनकार्डापासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, म्हणून सविस्तर सांगतो. यंत्रातली उष्णता आणि वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो. कागदातलं आम्ल आतच कोंडलं जातं, ते कागद खात राहतं आणि वरचं प्लास्टिक पुढे पिवळं पडतं किंवा सुटतं. मग कागद सोडवायला द्रावक लागतात, आणि ते कॉपिंग पेन्सिल, शिक्का आणि टाइपरायटरची रिबन तिन्हींना धोक्याचे असतात. कागदाला आधार हवा असेल तर पॉलिस्टरच्या दोन पारदर्शक तावांमध्ये तो सैल ठेवतात आणि फक्त कडा बंद करतात, कागदाला काहीही चिकटत नाही. पॉलिस्टर ७५ ते १०० मायक्रॉनचं पुरतं. पीव्हीसीचं, वासाचं, मऊ प्लास्टिक घेऊ नका. पण पेन्सिलीचं किंवा सुटू लागलेलं लिखाण पॉलिस्टरमध्येही नको, त्यातल्या स्थिर विजेनं अक्षरं उचलली जातात. त्यांना साधा आम्लमुक्त कागदाचा फोल्डर बरा.

गंजलेली टाचणी किंवा क्लिप ओढून काढू नका. तिच्याखाली पॉलिस्टरचा छोटा तुकडा सरकवा, मग टाचणीची टोकं हळूच उघडा. काढण्याआधी काय कशाला टाचलेलं होतं ते वहीत आलं पाहिजे. सेलोटेप दिसली तर तिला हात लावू नका. जुना गोंद कागदात मुरलेला असतो, पट्टी सुटते ती वरच्या अक्षरांना घेऊनच.

कसर आणि वाळवीवर घरगुती उपाय म्हणून डांबरगोळ्या आणि कडुनिंबाची पानं पेटीत घालतात. डांबरगोळीची वाफ फोटोंवर आणि प्लास्टिकवर बसते, बंद खोलीत माणसांनाही घातक असते. पानांचे डाग कागदावर कायमचे राहतात. किडीची शंका असेल तर फक्त कागद दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी कागदावर जमेल. फोटो, काच, कॅसेट फ्रीजरमध्ये कधीही नकोत.

अश्दोद समुद्रकाठी आहे, मुंबईसारखंच दमट. कागदाला १८ ते २० अंश तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता मानवते. घरात इतकं जमणार नाही आणि त्याची खंत करू नका. महत्त्वाचं आहे ते चढउतार टाळणं. ६५ टक्क्यांच्या वर सतत आर्द्रता राहिली की बुरशी जागी होते. माळा सगळ्यात वाईट, तिथं दिवसा तापतं आणि रात्री गार होतं. बाहेरच्या भिंतीला न लागलेलं, स्वयंपाकघर-न्हाणीघरापासून लांबचं आतलं कपाट बघा. खोका जमिनीपासून वीतभर वर ठेवा. स्वस्तात मिळतो तसला साधा आर्द्रतामापक आत ठेवून महिनाभर आकडे लिहा, मगच काय करायचं ते ठरवा. पत्र्याची मूळ पेटी टाकू नका. तिलाही क्रमांक द्या आणि शेजारी वेगळी ठेवा.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी एक जोड. १९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू निर्वासित मुंबईला आले. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. युद्ध सुरू झाल्यावर हिटलरपासून पळालेल्या यातल्या कित्येकांना जर्मन पासपोर्टमुळे ‘शत्रुदेशाचे नागरिक’ ठरवून देवळाली, सातारा, पुरंदर इथल्या छावण्यांत ठेवलं गेलं. त्यांच्या नोंदी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलींत मिळतात. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या जुन्या घरात जर्मन भाषेतली पत्रं आणि ब्रिटिश सरकारचे शिक्के असलेला गठ्ठा निघाला तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. वर सांगितलेलं सगळं त्यालाही लागू आहे, शिवाय पावसाळ्याचे चार महिने जास्तीची काळजी.

आता तुमच्या पेटीतल्या दोन खास कागदांबद्दल. रेड क्रॉसच्या फॉर्मवर कुटुंबाविषयीचा मजकूर जास्तीत जास्त २५ शब्दांचा असे आणि उत्तर त्याच फॉर्मच्या मागे लिहून येई. म्हणून दोन्ही बाजूंचं स्कॅन करा आणि दोन्ही तारखा वेगळ्या नोंदवा. त्या दोन तारखांमध्ये कित्येक महिने गेलेले असतात, आणि तेवढ्यात लिहिणाऱ्याचं काय झालं हे बहुधा दुसऱ्याच कुठल्या कागदात सापडतं.

शुत्झपास म्हणजे स्वीडिश राजनैतिक अधिकारी राउल वॉलेनबर्गच्या काळात बुडापेस्टच्या स्वीडिश वकिलातीनं दिलेलं संरक्षणपत्र. स्वित्झर्लंडच्या कार्ल लुत्झनं तशीच पत्रं दिली. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये अॅरो क्रॉस हा नाझीधार्जिणा पक्ष सत्तेवर आल्यावर भूमिगत तरुण गटांनी अशा पत्रांच्या बनावट प्रती मोठ्या संख्येनं छापल्या. म्हणजे तुमच्याकडचा पास बनावट निघू शकतो. तसं झालं तरी त्याचं मोल कमी होत नाही. जीव वाचवण्यासाठी कुणीतरी जिवावर उदार होऊन छापलेला तो अस्सल पुरावा आहे. शिक्का अस्पष्ट, सही वेगळी, टाइपातली चूक असं काही दिसलं तर ते तसंच वर्णनात लिहा, ‘नकली’ असा निकाल मात्र स्वतः देऊ नका.

हंगेरियन नावांत एक सापळा आहे, त्यानं माणसं यादीतून गायब होतात. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं. लग्न झालेल्या बाईचं नाव कागदोपत्री नवऱ्याच्या पूर्ण नावाला ‘-ने’ लावून लिहिलं जाई, म्हणजे तिचं स्वतःचं नाव कुठेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव आणि जमलं तर आईचं माहेरचं नाव लिहा. हंगेरियन सरकारी कागदांत ‘आईचं नाव’ हा रकाना असतो आणि एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखायला तोच कामी येतो. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमानं असतात आणि महिना रोमन अंकात असू शकतो. नोंदीत मूळ रूप तसंच ठेवून शेजारी आपली पद्धत लिहा.

नावांवर एवढा भर देण्याचं कारण आहे. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीच्या प्रांतांतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना रेल्वेनं नेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. तिथं उतरल्याबरोबर ज्यांना गॅस चेंबरकडे वळवलं त्यांची छावणीच्या दप्तरात नोंदच झाली नाही. अशा माणसाचं नाव एखाद्या पत्राच्या शेवटी ‘मावशी आणि दोन्ही मुलं यांचाही नमस्कार’ इतक्याच ओळीत उरलेलं असू शकतं. घरातलं जे कुणी मारलं गेलं त्या प्रत्येकासाठी जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेचा साक्षपत्राचा फॉर्म भरा, आणि बाड आरोल्सनकडे मोफत चौकशीही पाठवा.

फोटोंबद्दल थोडक्यात. मागची बाजू पुढच्याइतकीच महत्त्वाची, दोन्ही स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा. अल्बममधले फोटो काढू नका, आधी पूर्ण पान, मग एकेक फोटो. संगणकानं रंगवलेल्या किंवा चेहरे ‘साफ’ केलेल्या प्रती घरातल्या भिंतीवर लावायच्या असतील तर लावा, पण संग्रहात त्यांना जागा नाही. यंत्र चेहरा सुधारत नाही, नवा चेहरा काढतं.

स्कॅनिंग सपाट काचेच्या स्कॅनरवर करा, कागद ओढून घेणारा फीडर नको. कागदाला ४०० पीपीआय (इंचाला ४०० ठिपके), फोटोला ६००, रंग २४ बिट, फाइल कॉम्प्रेशन न केलेली टिफ. काळ्या अक्षरांचा कागदही रंगीतच स्कॅन करायचा, कारण शिक्क्याची जांभळी शाई आणि पेन्सिलीचा करडा रंग काळ्या-पांढऱ्या चित्रात सारखेच दिसतात. मोबाइलची स्कॅनिंग अॅप्स पार्श्वभूमी पांढरी करतात, त्यात फिकी पेन्सिल पुसली जाते. ए-४ ची एक बाजू ४०० पीपीआयला साधारण ४६ एमबी होते. समजा ३०० कागद दोन्ही बाजूंनी धरले तरी २८ जीबीच्या आत बसतील, तेव्हा जागेसाठी दर्जा कमी करायचं कारण नाही. जो कागद वाचता येत नाही तोही त्याच दर्जानं स्कॅन करा. ऑशविट्झमध्ये गॅस चेंबरच्या कामाला जुंपलेल्या सॉन्डरकमांडोतल्या मार्सेल नाजारी या ग्रीक कैद्यानं १९४४ च्या अखेरीस १३ पानं लिहून थर्मासमध्ये पुरली. ती १९८० साली सापडली तेव्हा त्यातला जेमतेम दहावा हिस्सा वाचता येत होता. पुढे संगणकावर रंगांचे थर वेगळे करून त्यातली ८५ ते ९० टक्के अक्षरं उजेडात आली. ‘यात काही दिसत नाही’ म्हणून ती पानं वगळली असती तर हे झालं नसतं.

कॅसेटबद्दल. सगळ्यात आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन छोट्या टिकल्या तोडा, म्हणजे चुकून कुणी वर रेकॉर्ड करू शकणार नाही. एवढं आजच करा. मग कॅसेटच्या खिडकीतून बघा: टेपवर पांढरी बुरशी, सुरकुत्या, सुटलेलं टोक, आतली स्पंजाची गादी गळालेली, यापैकी काही दिसलं तर वाजवायची नाही, तज्ज्ञाकडेच जायचं. सी-१२० कॅसेट असेल तर तिची टेप फार पातळ असते, ती सहज गुंतते.

दुकानातल्या कामात चूक होते ती हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाच्या, कोनात. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याच्या हेडचा कोन आणि आताच्या यंत्राचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर जातात, आवाज उशीखालून आल्यासारखा वाटतो आणि ‘स’, ‘श’, ‘च’ एकमेकांत मिसळतात. हंगेरियनमध्ये त्या फरकावर शब्द बदलतो. म्हणून प्रत्येक कॅसेटसाठी, प्रत्येक बाजूसाठी हेडचा स्क्रू कानानं जुळवून घेणारा माणूस हवा. त्याला सांगा: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला सुमारे २ जीबी होतात. खरखर काढायची नाही, शांत जागा कापायच्या नाहीत, आवाज वाढवायचा नाही. स्वच्छ केलेली प्रत ऐकण्यासाठी वेगळी करता येते, मूळ फाइल मात्र जशी आली तशीच. व्हिडिओ-८ साठी चालू स्थितीतला त्याच पद्धतीचा कॅमेरा किंवा डेक लागतो, एस-व्हिडिओचं आउटपुट असेल तर तेच घ्यायला सांगा आणि कॉम्प्रेशनमध्ये काहीही न गमावणारा एफएफव्ही-१ प्रकार मागा. तासाला ४० ते ५० जीबी लागतील. डीव्हीडीवर घेतलेली प्रत ही जतन नव्हे.

वाजवणारं यंत्रच संपलं की काय होतं याचं उदाहरण डेव्हिड बोडरच्या रेकॉर्डिंगचं आहे. १९४६ साली हा मानसशास्त्रज्ञ वायर रेकॉर्डर घेऊन युरोपातल्या निर्वासित छावण्यांत फिरला आणि १०० हून अधिक मुलाखती केसाएवढ्या बारीक पोलादी तारेवर घेतल्या. वाचलेल्या माणसांचे ते सगळ्यात आधीच्या आवाजांपैकी आहेत. त्यातली एक हरवलेली रीळ अलीकडे अमेरिकेत अॅक्रन इथं सापडली, पण ती ऐकण्यासाठी जुळेल असं यंत्र मुद्दाम तयार करावं लागलं. मोठ्या संस्थांनाही ही घाई चुकली नाही. वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवण्यासाठी १९९४ साली सुरू झालेल्या शोआ फाउंडेशननं सुमारे ५२ हजार मुलाखती बेटाकॅम टेपवर घेतल्या, त्यांच्या २ लाख ३५ हजार टेप पुढच्या पंधरा-वीस वर्षांत यंत्रमानवांच्या मदतीनं डिजिटल कराव्या लागल्या.

फाइलींचं: नावं रोमन लिपीत, मधे मोकळी जागा न सोडता, वहीतल्याच क्रमांकानं सुरू होणारी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ बेरीजअंक (फाइलवरून संगणकानं काढलेला, तिची खूण पटवणारा लांब अंक) काढून साध्या मजकूर फाइलीत ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून बघा. एक अंकही वेगळा आला तर ती प्रत बिघडली, दुसऱ्या प्रतीवरून बदला. हार्ड डिस्क दर पाच वर्षांनी नवी. वहीचीही स्कॅन प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर क्रमांकांना अर्थ उरणार नाही.

लिप्यंतर मूळ भाषेत आधी, भाषांतर नंतर. सासरे बोलता बोलता हंगेरियनमधून यिडिशमध्ये किंवा हिब्रूत गेले असतील तर तो बदल नोंदवा. गावांची नावं त्यांनी उच्चारली तशीच ठेवा आणि शेजारी आजचं नाव चौकटी कंसात द्या: कोलोज्वार म्हणजे आजचं रोमानियातलं क्लुज, मुंकाच म्हणजे युक्रेनमधलं मुकाचेवो. दर मिनिटाला वेळ लिहा. एका तासाच्या आवाजाला हातानं लिहायला सहा ते आठ तास लागतात. संगणकाकडून पहिला मसुदा करून घेतला तरी चालेल, पण एक धोका ओळखा: बोलणारा थांबतो, रडतो, तेव्हा ही यंत्रं शांततेच्या जागी कधीकधी स्वतःच रचलेली गुळगुळीत वाक्यं भरतात. साक्षीत असं एक जरी वाक्य राहिलं तरी पुढचा सगळा दस्तऐवज संशयात येतो. शेवटपर्यंत कानानं तपासलं नाही तोवर मसुद्यावर ‘न तपासलेला’ असं लिहून ठेवा. फुकट संकेतस्थळांवर ही रेकॉर्डिंग चढवू नका.

सासऱ्यांनी एखादी तारीख किंवा आकडा चुकीचा सांगितला तर तो दुरुस्त करू नका. टीप वेगळी लिहा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या साक्षीसंग्रहाचे एक संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ डोरी लाउब यांनी एका साक्षीची चर्चा केली आहे. ऑशविट्झमधल्या ७ ऑक्टोबर १९४४ च्या उठावाची हकीकत सांगताना एका बाईनं चार धुराडी उडाल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात एकच उडालं होतं, म्हणून काही इतिहासकारांना तिची साक्ष कुचकामी वाटली. लाउब यांचं म्हणणं असं की जिथं प्रतिकार अशक्य मानला जाई तिथं तो झाला, याची ती साक्ष देत होती. हा नरसंहार झालाच नाही म्हणणारे लोक नेमक्या अशाच तफावतींवर टपलेले असतात, आणि मागून गुपचूप ‘सुधारलेला’ मजकूर सापडला तर त्यांचं आयतंच फावतं.

मूळ वस्तू कुणाला? तीन नावं आधी विचारात घ्या. जेरुसलेमचं याद वाशेम २०११ पासून इस्रायलमधल्या घरांतून अशा वस्तू गोळा करतं. गॅलिलीतलं घेटो फायटर्स हाउस आहे. त्झफातला हंगेरियन भाषिक ज्यूंचा संग्रह लहान आहे, पण हंगेरियन वाचणारी माणसं तिथं आहेत, आणि तुमच्या पेटीसाठी ती गोष्ट फार मोलाची आहे. कुठेही द्या, पण पेटी फोडू नका. पत्रं एका संस्थेला आणि फोटो दुसरीला हे नको, नातेवाइकांत वाटणीही नको. प्रत्येकाला स्कॅन द्या. देणगीपत्रात पाच गोष्टी लिहून घ्या: मालकी कुणाची, पत्रांचा कॉपीराइट कुणाकडे, कुणाला कधी बघायला मिळेल, वस्तू दुसरीकडे हलवायची झाली तर तुम्हाला कळवतील का, आणि डिजिटल प्रती तुम्हाला मिळतील का. बंधनं घालायची असतील तर मुदतीसह घाला, ‘कायम बंद’ असं लिहू नका. पत्रांत इतरांविषयी आत्महत्या, लैंगिक अत्याचार, कुणी कुणाला पकडून दिलं असं काही असेल तर इंटरनेटवर काही टाकण्याआधी ते संस्थेला दाखवा.

आणि सासूबाई. त्यांनी याआधी कुठे साक्ष दिली असेल तर ती शोधा, पण म्हणून आताची टाळू नका. दोन-तीन बैठका ठेवा, प्रत्येकी दीड तासाच्या आत, सकाळच्या वेळी. कॉलरचा माइक आणि टेबलावर दुसरा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फ्रिज आणि एसी बंद, खिडक्या बंद. त्या ज्या भाषेत स्वप्नं बघतात त्या भाषेत बोलू द्या, दुभाषा लागला तरी चालेल. सुरुवात गेटोपासून नको. घर कुठल्या गल्लीत होतं, शुक्रवारी संध्याकाळी काय शिजायचं, शेजारी कोण होतं, इथून सुरू करा. मग एप्रिल १९४४ चा पिवळा तारा, जूनमधलं ताऱ्याच्या घरात (ज्यूंसाठी ठरवून दारावर पिवळा तारा लावलेल्या इमारतीत) हलणं, मग गेटो, मग जानेवारी १९४५. ‘तेव्हा कसं वाटलं?’ हे विचारू नका. ‘मग?’ आणि ‘तिथं अजून कोण होतं?’ एवढं पुरतं. त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा, दहापर्यंत मनात मोजा. घरच्यांपैकी कुणी ‘तू मागे असं सांगितलं होतंस’ म्हणून दुरुस्ती करणारं असेल तर त्या खोलीत नको. संमती सुरुवातीला घ्या आणि सगळ्या बैठका झाल्यावर पुन्हा घ्या, कारण काय सांगणार आहोत हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

शेवटच्या बैठकीत पेटीतले फोटो एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरा, आधी क्रमांक मोठ्यानं वाचा, मग त्या काय सांगतात ते ऐका. नावं त्यांच्याकडून अक्षर अक्षर करून घ्या, माहेरच्या नावांसकट. ओळखता आलं नाही तर ‘ओळखत नाही’ हेही वहीत लिहा. झाल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करू नका, त्यांना तो चालू असल्याचं सांगून ठेवा आणि चहा ठेवा. पुष्कळदा महत्त्वाचं नाव चहाच्या वेळी निघतं. त्या रात्री त्यांना झोप लागणार नाही असं धरून चाला, आणि घरात कुणीतरी मुक्कामाला राहा.